चहानंतरची फिल्म

"लाकूड आहे," मी म्हणालो. "याला मशीन बसवून काही होणार नाही. दहापैकी दोन. पुढची लावा."

पुढची नव्हतीच. ती शेवटची होती. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी दिवे लावले, आणि मी समोर असेपर्यंत श्वाससुद्धा विचारून घेणारा शिकाऊ डॉक्टरांचा तो घोळका एकदम बोलका होऊन दारातून बाहेर पडला. मुंगी तेवढी कीबोर्डपाशी बसून राहिली. हे नाव मीच पाडलंय तिचं. बारीक अंगाची, सदा कसल्यातरी रांगेत निघाल्यासारखी, आणि चिरडली तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी हजर. हृदयाची सोनोग्राफी करताना तिच्याइतका स्थिर हात माझ्या खात्यात दुसऱ्या कुणाचा नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, कारण चांगलं म्हटलं की माणसं बिघडतात. पडद्यावर ते हृदय अजून चालू होतं. आमची फिल्म संपली की पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे कालच गेलेल्या माणसाचं हृदयही आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीपर्यंत धडधडत राहतं. मुंगीनं ते बंद केलं नाही. दार नीट लागलंय याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, "सर, ही तुमची होती."

मला आधी वाटलं, माझी म्हणजे माझ्या ओपीडीतल्या कुणाची तरी. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं. असल्या वेळी माणसाला काहीतरी मोठं सुचावं अशी अपेक्षा असते. मला माझे बूट आठवले. महिनाभर ते घट्ट होत होते आणि मी बुटांच्या दुकानदाराला शिव्या घालत होतो. आयुष्यभर मी लोकांच्या घोट्यांवर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघत आलोय, आणि स्वतःचे पाय सुजले तर चामडं आटलं म्हणून मोकळा झालो. जिन्यावर दम लागायचा तेव्हा मधल्या वळणावर थांबून फोन कानाला लावायचो, पलीकडे कुणी नसताना "हो, हो, बघतो" म्हणायचो. शेवटी गुरुवारी दुपारी मुंगीला खोलीत घेतलं, कडी लावायला सांगितली आणि शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपलो. "फक्त चित्र घे," तिला म्हणालो, "मोजायचं नाही, बोलायचं नाही. मी सवडीनं बघेन." तिनं बरगड्यांवर तो थंडगार चिकट पदार्थ लावला आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो. पडदा पाठीमागे होता. मान वळवली असती तर दिसलं असतं. मी भिंतीच्या रंगाचे पोपडे बघत राहिलो. सवड काही झाली नाही.

माझं काम काय आहे ते लोकांना चटकन कळत नाही, माझ्या सख्ख्या नातेवाइकांनाही नाही, तेव्हा सांगतो. थकलेलं हृदय मोठं होतं, पसरतं, आणि कधीकधी त्याच्या दोन भिंतींचा मेळ मोडतो. आतली भिंत आधी आकसते, बाहेरची मागाहून येते, आणि रक्त पुढे जायचं ते आतल्या आतच हिंदकळतं. अशा हृदयात तीन तारांचं एक मशीन बसवतात. ते दोन्ही भिंतींना एकदम ठोका देतं, की बाबांनो, आता मिळून. काही माणसं त्यानं अशी उठतात की वाटावं, खोटंच आजारी होती. पण तिघांतला एक तसाच राहतो. तार गेली, चीर गेली, आशा गेली, आणि माणूस आहे तिथेच. तो एक कोण, हे आधी कसं ओळखायचं? बाकीचे डॉक्टर ईसीजीवर भागवतात. मी भागवलं नाही. मी भिंतींच्या हालचालींवरून दहा गुणांची एक मोजणी बसवली, तिला इथे सगळे सरांची मोजपट्टी म्हणतात. पाचाच्या वर गेला तर मशीन, पाच किंवा खाली राहिला तर गोळ्या आणि घर. दर शनिवारी सकाळी अंधाऱ्या खोलीत फिल्मा लागतात, नावावर काळी पट्टी, वय नाही, पैसा नाही, ओळख नाही. सगळे आपापले गुण सांगतात, मी शेवटी सांगतो, आणि माझे तेच खरे. मोजपट्टीवर मी देशोदेशी भाषणं केली आहेत. मोजपट्टीवर लोकांनी टीकाही केली आहे, आणि ती करणाऱ्यांना मी नावानिशी ओळखून आहे.

"का घातलीस त्यात?" मी मुंगीला विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना सर, नाव दिसलं की डोळा खोटं बोलतो."

तिला थोबाडीत मारावीशी वाटली. मग त्याच दमात असंही वाटलं की झालं ते एका परीनं बरंच झालं. मी निकाल दिला होता, आणि आपला-परका न बघता दिला होता. कुणाची टाप होती असा निकाल द्यायची? "छान केलंस," मी म्हणालो. "दोन म्हणजे दोन. नाही बसवायचं. विषय संपला." ती "पण सर, अजून एक..." असं काहीतरी म्हणत होती. मी हात वर केला आणि बाहेर पडलो. जिना उतरताना मला चक्क ताठ चालल्यासारखं वाटत होतं. फाशीचा हुकूम स्वतःला सुनावून न्यायाधीश जसा घरी जेवायला जाईल तसा मी घरी गेलो.

आमची ही शाळेत गणित शिकवायची, आता घरी मला शिकवते. पानं वाढत होती. मी बातमी सांगितल्यासारखं सांगितलं, म्हणजे दुसऱ्या कुणाची. हिनं डाव खाली ठेवला.

"दोन म्हणजे?"

"म्हणजे उपयोग नाही. गोळ्या घ्यायच्या. जमेल तितके दिवस काढायचे."

"हे म्हणतं कोण?"

"मी."

"मग दुसऱ्या कुणाला तरी विचारा," ही म्हणाली. "तुमचं माझ्याबद्दलचं मत तरी कुठे चांगलं होतं? इतकी वर्षं टिकलेच ना मी." आणि मग पदरानं तोंड पुसल्यासारखं करून आत गेली, बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. तो आवाज मला सहन होईना. कुणी रडत असलं की मला राग येतो, आणि लपवून रडत असलं की जास्त येतो. मी पानावरून उठलो नाही. भात गार होईपर्यंत बसलो आणि गार झालेला खाल्ला.

त्या रात्रीपासून मला आडवं झोपता येईनासं झालं. तीन उश्या लावून बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि लागला की वडिलांची वखार दिसायची. लाकडाची वखार होती आमची. ओल्या भुशाचा वास अजून माझ्या नाकात आहे, ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा मधूनच येतो. वडील आणि काका एकमेकांशी बोलत नसत. कशावरून ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं, बहुधा त्यांनाही नसावं. पण ओंडका उचलायचा तर दोन टोकांना दोघंच. एकाच वेळी उचलला तर लेकरासारखा खांद्यावर यायचा. काका मात्र नेहमी किंचित मागे राहायचे, मुद्दाम की स्वभावानं देव जाणे, आणि सगळा भार एका क्षणासाठी वडिलांच्या मानेवर यायचा. वडिलांच्या मानेची ती शीर तट्ट फुगलेली मला दिसते. ते शिवी द्यायचे ती लाकडाला. पुढे पहिल्यांदा असं मेळ मोडलेलं हृदय पडद्यावर बघितलं तेव्हा सगळे पुस्तकातली व्याख्या आठवत होते आणि मी मनात म्हणालो, हा काका.

आणि लाकूड ओळखणं, तेही वखारीतलंच. नवीन माल आला की वडील कुऱ्हाडीच्या पाठीनं प्रत्येक ओंडक्यावर टक्क मारायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, भरीव. पुढे, भरीव. पुढे, पोकळ. कुणाशी चर्चा नाही. पोकळ म्हटलं की तो ओंडका बाजूला. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची. मी त्यांच्या मागे मागे फिरायचो आणि माझ्या मनात एकच असायचं, की आपल्यालाही असं कळलं पाहिजे. दुसऱ्याच्या आत काय आहे ते वरून कळलं पाहिजे. माणूस बोलून फसवतो, कण्हून फसवतो, बायकोला पुढे करून फसवतो. टक्क मारायचं आणि सांगून टाकायचं. माझं अख्खं आयुष्य त्या एका आवाजाच्या मागे गेलंय, आणि माझ्यावर जळणाऱ्यांना वाटतं मी नावासाठी केलं.

सोमवारी मुंगी माझ्या खोलीत आली. विचारून आली नाही.

"सर, शनिवारचं तुम्ही पूर्ण ऐकून घेतलं नाहीत."

"ऐकण्यासारखं काही राहिलं नव्हतं."

"राहिलं होतं." ती टेबलाच्या कडेला उभी होती, बोटांची टोकं लाकडावर टेकवून. "दर शनिवारी एक फिल्म दोनदा घालायची, ही पद्धत तुमची आहे."

होती. शिकाऊ पोरांचा डोळा पक्का आहे की नाही ते बघायला मीच ती काढली. गठ्ठ्यात एक फिल्म दोनदा जायची, मध्ये चारदोन दुसऱ्या. एकाच हृदयाला ज्यानं दोन वेळा वेगळे गुण दिले त्यानं उभं राहायचं. मुंगीसुद्धा एकदा उभी राहिली होती. "भाजीत मीठ दोनदा घालतेस का गं?" मी विचारलं होतं, आणि खोली खदखदून हसली होती. माझी स्वतःची परीक्षा मात्र कुणी घेत नसे. वजनकाट्याला कुणी तराजूत घालतं का?

"या वेळी दोनदा गेलेली फिल्म तुमची होती," ती म्हणाली. "चहाच्या आधी गेली तेव्हा तुम्ही तिला सात दिलेत."

"शक्य नाही."

"'याला उद्याच बसवा, हा धावायला लागेल,' असं म्हणालात. सगळ्यांनी ऐकलंय."

मी तिला बाहेर जा म्हणालो. ती गेली नाही. मी टेबलावर हात आपटला, पेन गडगडत खाली गेलं, ते तिनं वाकून उचललं आणि जागेवर ठेवलं. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आलाय. रागानं दम लागला आणि दम लागला म्हणून राग वाढला, खुर्चीचे हात धरून मी पुढे झुकून बसलो, तोंड उघडं टाकून, ओपीडीत बसतात तसा. ती पाण्याचा ग्लास पुढे करायचीही हिंमत करीना. आणि त्या तशा अवस्थेत मला ती फिल्म आठवली. चहाच्या आधीची. सकाळचीच वेळ, खोली गार, मी नुकताच आलेला, लिफ्टनं. मला ते हृदय आवडलं होतं. बाहेरची भिंत मागे राहत होती पण येत होती, शेवटी का होईना हात लावत होती, आणि मला वाटलं होतं की याला नुसतं कुणीतरी वेळेवर हाक मारायला हवी. मग मधली सुट्टी. लिफ्ट बंद पडलेली, मी जिन्यानं वर आलो. चहा गार, वर साय धरलेली. अंधारात कुणीतरी फिसकन हसलं आणि मला वाटलं ते माझ्या धापांना हसलं. त्यानंतर जी जी फिल्म लागली ती मला मेलेली दिसली. तेच हृदय. तीच भिंत. एवढंच झालं होतं.

"गुरुवारी चित्राबरोबर निघालेला ईसीजी तर बसवा म्हणूनच सांगतोय सर," मुंगी म्हणत होती. "दुसऱ्या कुठल्याही हॉस्पिटलात तुम्हाला एव्हाना बसवलं असतं." मग ती थांबली, आणि तिच्या आवाजात इतका वेळ जे नव्हतं ते आलं. वैर म्हणावं असं काहीतरी. "चहानंतर तुमच्या फिल्मच्या आधी एक लागली होती. तिला तुम्ही तीन दिलेत. मी सहा दिले होते. मोठी बस चालवायचे ते. आपल्याच वॉर्डात आहेत. ईसीजी तुमच्यासारखाच आहे. त्यांचं काय करायचं?"

"तू जा आता," मी म्हणालो, आणि या वेळी ती गेली.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. का सांगितलं कळत नाही. बहुधा मुंगीला नावं ठेवायला कुणीतरी हवं होतं. हिनं नीट ऐकलं, चष्मा पुसला.

"एकदा दोन, एकदा सात. मग साडेचार धरा. सरासरी."

"साडेचारला बसवत नाहीत."

"बघा म्हणजे," ही म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिनं माझा हात असा गच्च धरला की अंगठी रुतली. "अहो, मला तुमचे गुण नकोत. मला तुम्ही हवे आहात. खवट का असेना."

मला मरायचं नव्हतं. हे इतकं साधं वाक्य मला इतक्या उशिरा सुचावं याची शरम वाटली. मला सकाळचं वर्तमानपत्र हवं होतं, त्यातल्या चुका हव्या होत्या, गरम पाण्यानं आंघोळ हवी होती, हिच्याशी भांडायला हवं होतं. शनिवारी दोन ऐकून मी ताठ चाललो होतो ना? ती हिंमत नव्हती. ती माझ्या मोजपट्टीची शेखी होती. ती पट्टी बरोबर असेल तर मी मेलो तरी बरोबरच ठरणार होतो, आणि बरोबर ठरण्याची मला एवढी सवय झाली होती की त्यासाठी मरणंही फारसं महाग वाटलं नव्हतं. आता ती पट्टीच चहाच्या कपावर फिरते हे कळल्यावर उगाच कोण मरेल?

उश्यांना टेकून बसलो आणि वखार पुन्हा आली. या वेळी बाजूला काढलेले ओंडके आले. पोकळ म्हणून वडिलांनी काढलेले. ते कुठे जायचे? मला नीट आठवत होतं, आठवायचं नव्हतं तरी. ते भट्टीवाल्याची गाडी येऊन घेऊन जायची. जळायचे. भट्टीत गेलेला ओंडका भरीव होता की पोकळ, हे कोण बघायला जातं? वडील कधी चुकले नाहीत असं सगळा बाजार म्हणायचा, आणि खरंच कधी चुकले नाहीत, कारण चूक निघायला लाकूड शिल्लकच राहत नव्हतं. माझी मोजपट्टी नकारात कधी चुकली नाही, हे मी व्यासपीठांवरून छातीठोक सांगितलं आहे. ज्यांना नाही म्हटलं ते गोळ्या घेऊन घरी गेले, आणि गेले. बघा, मी म्हणायचो, सांगितलं होतं ना, हा सुधारणारा नव्हता. टाळ्या पडायच्या. मशीन न बसवलेल्या माणसाला मशीनचा उपयोग झाला नसता हे मी कुठून बघितलं होतं? कुणीच कधी विचारलं नाही. मूर्खांनो, इतकी साधी गोष्ट, कुणीतरी विचारायला नको होती का? उश्यांमध्ये बसून मी त्या सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा द्वेष केला, एकेकाचा चेहरा आठवून. आपल्याच मूर्खपणाला साथ देणाऱ्यांचा जितका राग येतो तितका शत्रूचा येत नाही.

सकाळी मुंगीला फोन लावला.

"सात धर," मी म्हणालो. "पहिलं वाचन ते खरं. बुधवारी बसवून टाका."

"बरं सर." पलीकडे वॉर्डातले आवाज येत होते, कुणाची तरी खाट ओढल्याचा, भांड्यांचा. "आणि त्यांचं, सर? बसवाल्यांचं? त्यांना बुधवारीच घरी सोडायचंय."

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी की मी गोंधळलो नव्हतो. माझं डोकं लख्ख होतं. त्या एकाची फिल्म पुन्हा वाचली तर मागच्या शनिवारची का नाही, त्याच्या मागच्या शनिवारची का नाही? मागे मागे जात ती रांग कुठे पोचते ते मला दिसत होतं, आणि तिच्या टोकाला उभ्या असलेल्यांना आता कुठलंच मशीन बसणार नव्हतं. दार एकदा किलकिलं केलं की सगळे आत येणार. तेव्हा ते लावलेलंच बरं.

"त्याचं वाचून झालंय," मी म्हणालो.

"बरं सर," मुंगी म्हणाली. त्या दोन शब्दांत तिनं मला काय काय म्हटलं ते माझं मला कळलं.

बुधवारी मला तो पाठीमागे बांधायचा झगा घातला, डोक्यावर निळी टोपी, नाकात ऑक्सिजनची नळी. चष्मा हिच्याकडे दिला. ही खालीच थांबली, ऑपरेशनवाल्यांच्या घरच्यांना वर येऊ देत नाहीत, तो नियमही माझाच. चष्मा नसला की माझा चेहरा कुणाचाच नसतो, आरशातही मला तो कुणा दूरच्या मामाचा वाटतो. ट्रॉली ढकलणारा नवीन होता, त्यानं मला ओळखलं नाही. आतली खोली अजून तयार नव्हती म्हणून त्यानं ट्रॉली आमच्या वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला लावली आणि कुठेतरी निघून गेला. शेजारी बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून औषधांची खोकी वर आलेली. माझ्याकडे बघून तिनं पिशवी सरकवली, ट्रॉलीला धक्का लागू नये म्हणून.

"मशीन बसवतायत का काका?" तिनं विचारलं.

मी हुं म्हटलं.

"मग घाबरू नका. बरं वाटतं म्हणे त्यानं. माणसं उठून कामाला लागतात." तिनं पदर सारखा केला. "आमच्यांना नाही म्हणाले. उपयोग नाही म्हणे. आज घरी सोडतायत. मोठी बस चालवायचे, आता पायऱ्या दोन चढवत नाहीत."

छताचे दिवे एकाआड एक चालू होते. मी ते बघत होतो.

"मोठ्या डॉक्टरांनी बघितलं," ती सांगत होती, मला धीर द्यायला की स्वतःला, कोण जाणे. "अंधारात बसून बघतात म्हणे फिल्म. नावसुद्धा बघत नाहीत. गरीब-श्रीमंत काही नाही. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे नाहीच ते."

"त्याला काही कळत नाही," मी म्हणालो.

"कुणाला?"

"त्या मोठ्या डॉक्टराला. काही कळत नाही त्याला. पुन्हा बघायला सांगा. सोडू नका त्यांना, अडून बसा."

नळीमुळे आवाज घोगरा आला असेल, पण तिला ऐकू गेलं. चष्मा नसतानाही तिचा चेहरा आक्रसलेला मला दिसला. "असं बोलू नये काका," ती म्हणाली. "तुम्हाला बसतंय ना? मग झालं तर. स्वतःचं भागलं की दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं, हे बरं आहे." तिचा आवाज चढला, मग आजूबाजूला बघून तिनंच तो खाली आणला. "किती महिन्यांनी रात्री शांत झोपलेत आमचे. काय ते एकदा कळलं म्हणून. बसेल की नाही, बसेल की नाही, यातच जीव अडकला होता. आता सुटलाय. तुम्ही मध्ये काडी घालू नका." आणि पिशवी उचलून ती बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

मला तिचा संताप आला. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो होतो आणि ती माझ्यावरच उलटली होती. मी सांगितलं ना? आणखी काय करायला हवं होतं? झगा घालून, टोपी घालून, नाकात नळी घालून सांगितलं, हे मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. तेवढ्यात ट्रॉलीवाला आला आणि चाकं कुरकुरली.

आत कडाक्याची थंडी होती. मला टेबलावर घेतलं, डाव्या खांद्याखाली गार गार काहीतरी फासलं, अंगावर निळी कापडं टाकली. मशीन बसवणारा डॉक्टर हात धुऊन आला आणि म्हणाला, सर, नशीब आमचं. मुंगी डोक्याशी उभी होती, मास्कवर नुसते डोळे. त्या डोळ्यांत वैर नव्हतं. काहीच नव्हतं, काम होतं. दाराशी भिंतीवर फोन होता. मला एक वाक्य बोलायचं होतं. बसवाल्याला थांबव, त्याची फिल्म पुन्हा वाचा, मी सोडून बाकीच्यांनी. एवढंच. मुंगीनं ते ऐकताच फोन उचलला असता, खाली दारापर्यंत पोचलेल्या माणसाला तिनं परत वर आणलं असतं. या खोलीत मी झग्यातला म्हातारा नव्हतो, इथे मी कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. इथे माझा शब्द चालत होता. मी ओठ ओले केले. वाक्य तोंडात तयार होतं, त्याची चवसुद्धा लागत होती, लोखंडासारखी.

"मुंगी," मी म्हणालो.

ती वाकली. "आता बोलायचं नाही सर. सुई टोचतायत. अजिबात बोलायचं नाही, हलायचं नाही."

मला गप्प बस म्हणणारा माणूस मी आजवर उभा राहू दिलेला नाही. वडिलांनी म्हटलं तेव्हा घर सोडलं होतं. आज मात्र तिच्या त्या शब्दांनी मला इतकं हायसं वाटलं, इतकं मनापासून हायसं वाटलं, की डोळ्यांतून पाणी येऊन कानात गेलं. तिला वाटलं, सुई दुखली. तिनं कापसानं माझा कान पुसला आणि म्हणाली, "झालंच सर." मी मान हलवली नाही, ओठ हलवले नाहीत. सांगितल्यासारखा शहाण्यासारखा पडून राहिलो.